टेबलाचा कौल

झुआंग श्वेइमूचं नशीब ज्या दिवशी ठरलं, त्या दिवशी ते ठरवणाऱ्या पोरीने धड मान वर करूनही बघितलं नाही. यीझेन तिचं नाव, हॉस्पिटलातल्या संशोधनाची नर्स. तिने संगणकावर एक बटण दाबलं, पडद्याकडे बघितलं आणि आमच्याकडे म्हाताऱ्यांना मारतात तशी हाक मारून म्हणाली, "आपेक, तुम्ही घरच्या गटात."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तोंड उघडायचे व्यायाम तुम्ही घरीच करायचे. मी आठवड्याला फोन करीन. महिन्यातून एकदा इथे यायचं, मी तोंड किती उघडतंय ते मोजीन."

"आणि दुसरा कुठला गट म्हणालीस मघाशी?"

"टेबलाचा गट. ते बुधवारी आणि शनिवारी गावच्या सभागृहात जमतात. एकत्र व्यायाम करतात आणि मग गोल टेबलाभोवती बसून एकत्र जेवतात."

श्वेइमूने खिशातून रुमाल काढून ओठाचा उजवा कोपरा टिपला. तो कोपरा आता त्याच्या ताब्यात नव्हता, लाळ केव्हा सुटायची त्याला कळायचंही नाही. "मला त्या गटात घाल ना, पोरी."

"मी कोण घालणार? संगणक ठरवतो."

"संगणकाला काय माहिती मी कोण आहे ते!"

"म्हणून तर तो ठरवतो," यीझेन हसली. "मी ठरवायला बसले तर आवडत्या म्हाताऱ्यांना एकीकडे घालीन आणि कटकट्यांना दुसरीकडे."

"मग निदान तीनदा तरी दाब. देवळात कौल लावताना तीनदा लावतो आपण. एकदाच पडलेल्या कौलाला कोण विचारतं?"

"आपेक, हा थोतीकोंगचा कौल नाहीये. हा एकदाच पडतो."

झालं. संपलं. थोतीकोंग म्हणजे आमचा जमिनीचा देव, पांढऱ्या दाढीचा म्हातारा. तो निदान पुन्हा विचारू देतो, कधी कौलाचे दोन्ही लाकडी ठोकळे उताणे पाडून हसतो, कधी पालथे पाडून रागावतो. संगणकाला ना हसू ना राग. श्वेइमू रुमालाची घडी करत बाहेर पडला आणि वाटेत कुणाशी एक शब्द बोलला नाही.

हा माणूस मुळात असा मुखदुर्बळ नव्हता बरं का. तीस वर्षं त्याने खाणीतल्या खडीचा ट्रक हाकला. समोरून येणाऱ्या प्रत्येकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत हाकला. गालात कायम सुपारी. हिरवी, चुना लावलेली, पानात गुंडाळलेली. त्याची बायको मेइयून ती स्वतः करून द्यायची, रोज सकाळी एक पिशवी भरून. सुपारी नसती तर डुलकी लागून ट्रक केव्हाच दरीत गेला असता, असं तो म्हणायचा, आणि ते काही खोटं नव्हतं. मग मेइयून गेली, झोपेतच गेली. तिच्या मागे दुसऱ्या वर्षी देवळापुढे तोंड तपासायची गाडी आली. जो तपासून घेईल त्याला तेलाची बाटली फुकट. श्वेइमू तेलासाठी गेला आणि गालातला पांढरा चट्टा घेऊन घरी आला. पुढच्या तपासणीला बोलावलं होतं, तर पठ्ठ्या वर्षभर फिरकलाच नाही. तेल मात्र त्याने संपवलं.

नंतर व्हायचं ते झालं, चट्ट्याचा कॅन्सर झाला. उजव्या गालाचं आतलं मांस काढलं, त्या बाजूच्या दाढा काढल्या, आणि मांडीचं कातडं कापून गालाच्या आत शिवलं. मांडीचं कातडं गालात गेलं तरी मांडीचा स्वभाव सोडत नाही. महिन्या-दोन महिन्यांत गालाच्या आत केस उगवले. हसू नका. जिभेला स्वतःच्या मांडीचे केस लागतात तेव्हा माणसाला काय वाटत असेल? श्वेइमूने हे कुणालाच सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाला? मुलगा जुनहोंग तिकडे ताओयुआनला, कारखान्यात. रविवारी फोन करायचा, "बाबा, बरे आहात ना?" विचारायचा, आणि मागून त्याच्या बायकोचा कुकर लावल्याचा आवाज यायचा.

वरून किरणं दिली. किरणांनी जबडा आखडायला लागला. डॉक्टर ल्यूंनी त्याला लाकडी काड्या दिल्या, आइस्क्रीमच्या असतात तसल्या चपट्या. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये त्या एकावर एक सरकवायच्या आणि रोज एखादी जास्त घुसवायचा प्रयत्न करायचा. "हे सोडलंत तर तोंड कायमचं मिटेल," डॉक्टर म्हणाले होते, आणि ते काही भीती घालायला म्हणाले नव्हते.

पण त्याचं खरं दुखणं काड्यांचं नव्हतं. ते जडलं पुतण्याच्या लग्नात. रस्त्यावर मांडव घालून जेवणावळ होती, दहा-दहा माणसांची गोल टेबलं. श्वेइमू काका म्हणून मानाच्या टेबलावर. पहिलंच सूप आलं आणि त्याने चमचा तोंडाला लावला तर निम्मं सूप त्या बेइमान कोपऱ्यातून हनुवटीवर, हनुवटीवरून सदऱ्यावर. त्याला कळलंच नाही. गाल बधिर, कळणार कसं? शेजारच्या बाईने हळूच आपल्या पोराला उचलून पलीकडच्या खुर्चीवर ठेवलं. भावजयीने कागदी रुमालांचा डबा त्याच्याकडे सरकवला. कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. श्वेइमूने दोन शिव्या हासडल्या असत्या आणि विषय तिथेच संपला असता. त्याऐवजी सगळे अगदी मन लावून आपापल्या वाडग्यात बघत राहिले.

त्या दिवसापासून तो चार लोकांत जेवला नाही. घरी मेइयूनच्या फोटोकडेही पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसायचा. रताळ्याची पेज मिक्सरमधून काढलेली, कधी माशाची. टीव्ही मोठ्याने लावलेला. जेवण असं उरलंच नव्हतं, नुसतं पोटात ओतायचं आणि तोंड पुसायचं.

आणि अशा माणसाच्या दारात जिनफा यायचा, दर गुरुवारी न चुकता, मीठ चोळायला. मुद्दाम नव्हे हो, जिनफा मनाचा चांगला. दोघांनी एकाच खाणीवर ट्रक चालवलेले. जिनफाची अर्धी जीभ गेली होती, तिच्या जागी हाताचं मांस लावलं होतं, त्यामुळे बोलताना तो अर्धे शब्द गिळायचा. पण संगणकाची मेहेरबानी, तो टेबलाच्या गटात होता.

"अरे, काल काय झालं माहितीये?" स्कूटर दारात लावतानाच त्याची सुरुवात. "म्हाताऱ्या वुबाईंच्या नाकातून सूप आलं. नाकातून! त्यांच्या टाळूला भोक आहे ना. आम्ही इतके हसलो, इतके हसलो, की मग सगळ्यांच्याच नाकातोंडातून यायला लागलं. यीझेन बिचारी फडकं घेऊन धावतेय, कुणाकुणाचं पुसणार?"

"आणि कुणी उठून नाही गेलं?"

"जाईल कुठे? सगळे तसलेच. गळ्यात लाळेरी बांधून बसतो आम्ही, रांगत्या पोरांसारखी. एकमेकांच्या वाडग्यात वाढतो. परवा मी मऊ केलेला मुळा खाल्ला, चावून, दातांनी. बघ, असा," आणि जिनफाने आ वासून दाखवला. काळी-लाल गुहा, पण चांगली रुंद.

"मिट आता. माशी जाईल," श्वेइमू म्हणाला.

"जळतोस काय?"

"कशाला जळू? मी घरी शांतपणे जेवतो, माझं कुणी पुसत नाही."

असं म्हणाला खरा. पण जिनफा गेल्यावर बराच वेळ तो तसाच उंबऱ्यात बसून राहिला. त्याला त्या टेबलावर बसायचं होतं. बस्स, एवढंच. त्याला कुणाची दया नको होती, पैसे नको होते, मुलाने नोकरी सोडून यावं असंही नव्हतं. आपल्या वाडग्यात दुसऱ्या कुणीतरी चॉपस्टिकने एक घास ठेवावा, आणि आपण तो त्यांच्यादेखत खावा. मेइयून गेल्यापासून तसा घास कुणी ठेवला नव्हता.

शनिवारी त्याच्याने राहवलं नाही. सभागृह थोतीकोंगच्या देवळाला लागूनच. देवळापुढच्या वडाखाली तो जाऊन उभा राहिला, पेजेची बाटली घेऊन. काचेच्या खिडकीतून सगळं दिसत होतं. दहा माणसं दातांत काड्या धरून एकमेकांकडे बघत बसली होती. मग टेबल मांडलं, वाफा निघाल्या. टेबलाची फिरती तबकडी फिरायला लागली. आत कुणी चमचा उचलला की श्वेइमूही बाहेर बाटलीतून एक घोट घ्यायचा. आतले हसले की त्यालाही थोडं हसू यायचं, कशाला हसताहेत ते कळत नसताना.

यीझेनने त्याला पाहिलं. ॲप्रनला हात पुसत ती बाहेर आली.

"आपेक, इथे काय करताय?"

"देवळात आलोय. देवळात यायला बंदी आहे का?"

"देव त्या बाजूला आहे. तुमचं तोंड या बाजूला आहे."

श्वेइमूने बाटली पाठीमागे लपवली. "एक खुर्ची रिकामी दिसतेय."

"दिसतेय ना. मलाही दिसतेय." ती त्याच्या शेजारी पारावर बसली. "पण तुम्ही आत आलात की तुम्ही ना घरचे राहणार ना टेबलाचे. मग तुमचा आकडा मला टाकून द्यावा लागेल. आणि हे आकड्यांवरच चाललंय हो सगळं. टेबलवाल्यांची तोंडं घरवाल्यांपेक्षा जास्त उघडली, तरच आम्हाला सरकारकडे मागता येईल की हे चालू ठेवा. मग सगळ्यांसाठी चालू होईल, घरच्या गटासाठीसुद्धा. आणि दोघांची सारखीच उघडली, तर टेबल बंद. फोनने काम भागतंय तर जेवणं घालायला पैसे कोण देणार?"

श्वेइमूने मान वळवून तिच्याकडे बघितलं. "म्हणजे आम्ही घरवाल्यांनी चांगलं केलं, तर टेबल बंद?"

"असं उलटं नका धरू. तुम्ही चांगलंच करायचं." तिला आतून कुणीतरी हाक मारली, ती उठली. "आणि पेज प्यायची तर घरी निवांत बसून प्या. इथे धूळ उडते."

ती गेली. पण बोलून गेली ते गेली. श्वेइमू तिथून तडक देवळात शिरला. उदबत्ती लावली, लाल लाकडी ठोकळ्यांची जोडी हातात घेतली, चंद्रकोरीच्या आकाराची, गुळगुळीत झालेली. गुडघे टेकले.

आता देवाला प्रश्न कसा विचारायचा याचीही एक तऱ्हा असते. श्वेइमूने विचारलं, "आजोबा, हे टेबल जिंकावं अशी तुमची इच्छा आहे ना?" आणि ठोकळे टाकले. एक उताणा, एक पालथा. होकार. पुन्हा टाकले. होकार. तिसऱ्यांदा टाकले. होकार.

टेबल जिंकावं, यात कुठल्या देवाचा नकार असणार? श्वेइमूने विचारायचं ते विचारलंच नव्हतं. "मी माझं तोंड मिटू देऊ का?" असं एकदा विचारायचं होतं, स्पष्ट शब्दांत, नाव-पत्ता सांगून, मग काय पडलं असतं ते बघायचं होतं. पण नको असलेलं उत्तर येईल अशी धास्ती असली की माणूस प्रश्नच बदलतो, आणि आमच्या गावात तर ही कला सगळ्यांनाच येते. कुणी मुलीचं लग्न असंच ठरवलंय, कुणी शेत असंच विकलंय. तीन होकार मिळाले, श्वेइमू तीनदा डोकं टेकवून उठला, आणि घरी येऊन त्याने काड्यांचा गठ्ठा खणात टाकला.

पहिले काही दिवस तर सुखाचे गेले. काड्या घुसवताना डोळ्यांतून पाणी यायचं ते थांबलं. यीझेनचा फोन यायचा.

"केले का व्यायाम?"

"केले."

"पाचही वेळा?"

"एकदा तर सहा वेळा केले."

"वा रे वा! आणि दुखतंय?"

"दुखणारच की. तू जेवलीस का? काय जेवलीस?" फोन लांबवायची त्याची जुनी युक्ती. ती शेवया म्हणायची, भात म्हणायची, आणि तो बारीकसारीक विचारत बसायचा, वर काय घातलं होतं, तिखट होतं का. तिच्याशी खोटं बोलताना त्याला वाईट वाटायचं. पण मग त्याला ती रिकामी खुर्ची आठवायची.

जबडा मात्र खोटं बोलेना. महिन्याच्या मोजणीला दोन काड्या कमी. पुढच्या महिन्याला आणखी तीन. यीझेनने पुन्हा मोजलं, पुन्हा मोजलं. डॉक्टर ल्यू बॅटरी घेऊन आले, गाल चाचपला, मानेत गाठी आहेत का तेही चाचपलं. 

"व्यायाम करूनही इतक्या झपाट्याने मिटतंय म्हणजे," ते म्हणाले, "आत पुन्हा काही उगवलंय का ते बघायला लागेल."

झाली धावपळ सुरू. इकडे स्कॅनच्या नळीत घाला, तिकडे सुई टोचा. गालाच्या आतून एक कण मांस कापून घेतलं, ते सुद्धा तोंड उघडत नव्हतं म्हणून कोपऱ्यातून, ओढूनताणून. खोलीबाहेरच्या बाकावर प्रत्येकाबरोबर कुणीतरी होतं. कुणाची पिशवी बायकोच्या मांडीवर, कुणाची चप्पल मुलाच्या हातात. "सोबत कोण आलंय?" आतली बाई विचारायची. "कुणी नाही," म्हणताना तो छताकडे बघायचा. शेवटी यीझेन स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत येऊन त्याच्या शेजारी बसली. हातात वाफवलेला मांसाचा पाव, कागदात गुंडाळलेला. तो तिने उघडला नाही.

"खा ना," तो दातांतून म्हणाला.

"भूक नाहीये."

तिला भूक होती. त्याला कळत होतं. माझ्यासमोर खायचं नाही म्हणून ही पोर उपाशी बसलीय. तेव्हा सगळं तिला सांगून टाकावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण सांगितलं की आकडा गेला, आकडा गेला की टेबल गेलं, हे गणित त्याच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की त्याने ओठ आणखीच आवळले.

आठवड्याने निकाल आला. काही नव्हतं, गाल स्वच्छ होता. सांगताना यीझेनच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "मला वाटलं, परत आलं. मी घरी आईलाही बोलले, माझा एक आपेक आहे, त्याचं काही खरं नाही."  आपल्याबद्दल कुणी स्वतःच्या आईजवळ बोललं, हे ऐकून श्वेइमूला आनंदही झाला आणि स्वतःची लाजही वाटली, आणि लाज जास्त होती. तरी तो बोलला नाही. संशोधन संपायला आता थोडेच दिवस राहिले होते.

ते थोडे दिवस त्याने कसे काढले ते त्याचं त्यालाच ठाऊक. चमचा जाईनासा झाला. दाढा काढल्या होत्या त्या फटीतून नळी घालून तो पेज ओढायचा. दात घासता येईनात. शिंक आली की जबड्यातून कळ निघायची. रविवारी जुनहोंग म्हणाला, "बाबा, आवाज असा का येतोय? फोन खराब झालाय का?" श्वेइमू म्हणाला, "हो, फोनच खराब झालाय." पण मनातून तो खूष होता. दुसऱ्या कुणाला कळणार नाही असा खूष. खाणीवर तीस वर्षं काम करून त्याने कधी कशासाठी एवढी कळ सोसली नव्हती.

आणि मग एका मंगळवारी यीझेनचा फोन आला. ती ओरडतच होती. "आपेक! टेबल जिंकलं! पैसे मंजूर झाले. उद्या सगळ्यांनी यायचं, घरच्या गटाने पण. दोन टेबलं लावतोय!"

श्वेइमूने फोन ठेवला आणि घरभर फिरला. न्हाव्याकडे जाऊन आला. पुतण्याच्या लग्नातला सदरा काढला, त्यावर सुपाएवढा डाग होता, म्हणून दुसरा काढला, तो इस्त्री केला. मेइयूनच्या फोटोपुढे उदबत्ती लावून म्हणाला, "उद्या बाहेर जेवायचंय." 

बुधवारी सभागृहात पाऊल ठेवलं तर जिनफाने दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली, "आला रे आला! रुसलेला नवरा आला!" सगळे हसले. श्वेइमूही हसला, जेवढं हसता येत होतं तेवढं. नव्या लोकांची आधी मोजणी होती. यीझेनने त्याला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं आणि काड्या घेतल्या. पहिली गेली. दुसरी गेली. तिसरी कशीबशी गेली. चौथीला तिने जोर लावला तेव्हा श्वेइमूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि काडी वाकली पण आत गेली नाही.

यीझेन खाली बसली. "आपेक, गाठ नाही, जखम नाही. मग हे कसं? मला खरं सांगा."

आता सांगायला काय हरकत होती? टेबल जिंकलं होतं. त्याने दातांतूनच, थांबत थांबत सांगितलं. वडाचा पार, तिचं बोलणं, देवाचे तीन होकार, खणातल्या काड्या. सांगताना त्याला थोडी ऐटच वाटत होती. मी पण हातभार लावला, असं काहीसं.

यीझेनचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. "वेडे आहात का तुम्ही?" तिचा आवाज चढला, दोघा-तिघांनी वळून बघितलं, मग तिने तो खाली आणला. "मी दर आठवड्याला विचारत होते. दर आठवड्याला! तुम्हाला नळ्यांत घातलं, मांस कापलं. मी रडले तुमच्यासाठी."

"माझा आकडा टाकून दे," श्वेइमू म्हणाला. "पण टेबल राहू दे."

"टेबल राहणारच आहे हो!" तिने कपाळाला हात लावला. "तुमचा आकडा काढला तरी टेबलच जिंकतंय. तुम्ही रोज व्यायाम केला असतात, तोंड चांगलं उघडलं असतं, तरी टेबलच जिंकलं असतं. घरच्या गटातल्या निम्म्या लोकांनी व्यायाम कधीच सोडून दिले होते. कंटाळून. एकटं बसून कुणाला तोंड वासावंसं वाटतं? तुम्ही मुद्दाम काही करायची गरजच नव्हती."

 एवढं साधं श्वेइमूला आधी कसं सुचलं नाही? त्याच्यासारखेच बाकीचे, आपापल्या घरी, आपापल्या भिंतीकडे तोंड करून. त्यांचा विचारच त्याच्या मनात कधी आला नव्हता.

"आता उघडेल?" त्याने विचारलं.

यीझेनने वाकलेली काडी सरळ केली. "मी तुमच्याबरोबर बसेन. रोज बसेन. एखादी काडी वाढेल, कदाचित दोन. आतलं सगळं आवळून बसलंय, आपेक. ते आता पहिल्यासारखं नाही व्हायचं."

"बरं," श्वेइमू म्हणाला. लहान मुलाने औषध घेताना म्हणावं तसं म्हणाला.

तेवढ्यात जेवण लागलं. जिनफाने त्याला दंडाला धरून नेलं आणि आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं, गळ्यात लाळेरं बांधलं. पलीकडे वुबाई. टेबलाची तबकडी फिरायला लागली. वाफवलेलं अंडं, थरथरणारं. मऊ टोफू आल्याच्या रसात. माशाचं पोटाचं मांस, एकही काटा नसलेलं. शिजून काचेसारखा झालेला मुळा. वासानेच श्वेइमूच्या तोंडात पाणी सुटलं आणि कोपऱ्यातून ओघळलं. कुणी बघितलं नाही, कारण समोरच्याचंही ओघळत होतं.

"नवा माणूस आहे, वाढा त्याला," जिनफा ओरडला.

आणि त्यांनी वाढलं. वुबाईंनी माशाचा तुकडा ठेवला. समोरच्याने दोन्ही हातांनी चॉपस्टिक धरून टोफू ठेवला, तो वाटेत फुटला, तर त्याने दुसरा ठेवला. जिनफाने मुळा ठेवला, मग अंडं. ज्यांची नावंही त्याला माहीत नव्हती ते लोक उठून, हात लांब करून त्याच्या वाडग्यात घास ठेवत होते. वाडगा भरला, वर शीग आली. श्वेइमूने चमचा उचलला, ओठांपर्यंत नेला. दातांवर आपटून तो टक्‌ असा वाजला. त्याने चमचा आडवा केला, उभा केला, कोपऱ्याकडून बघितलं. मग शांतपणे खाली ठेवला. पिशवीत पेजेची बाटली होती, नळी होती. पण एवढ्या घासांपुढे ती काढायला त्याचा हात होईना.

सगळे जेवत होते, बोलत होते, एकमेकांचं ऐकत नव्हते. भिंतीकडे तोंड करून बसतानाही त्याला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. तिथे निदान मन रमवायला हे टेबल होतं.

"अहो, खा ना," वुबाई वाकून म्हणाल्या. "गार होतंय सगळं. आवडलं नाही का?"

दूर भिंतीला टेकून उभी असलेली यीझेन पटकन दुसरीकडे बघायला लागली.

"छान आहे सगळं," श्वेइमू मिटल्या दातांतून म्हणाला. "पण मी घरून जेवून आलोय." आणि आपल्या वाडग्यावरचा माशाचा तुकडा उचलून त्याने तो वुबाईंच्या वाडग्यात ठेवला.